व्यवस्था झाली हाय

फेब्रुवारी निम्मा सरला की आमच्या द्राक्षबागेत घडांवरचे कागद उतरवायला सुरुवात होते. थंडीत मण्यांवर गुलाबी छटा चढू नये म्हणून प्रत्येक घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला असतो. तोडणीच्या आधी बायका तो एकेक करून सोडवतात आणि ओळीच्या टोकाला ढीग लागत जातो. उन्हानं पिवळे पडलेले, फवारणीचा वास धरून राहिलेले कागद. लहानपणी मी त्या ढिगाशेजारी बसून बातम्या वाचायची. सगळ्या अर्ध्याच असायच्या. बातमीचा पुढचा भाग दुसऱ्या कुठल्या तरी घडावर असायचा आणि तो घड सापडेपर्यंत संध्याकाळ व्हायची.

यंदाही कागद उतरले. सकाळी बागेत गेलं की हवेत साखरेचा मंद वास असतो, माश्या घोंगावतात, क्रेट एकमेकांवर आपटल्याचा आवाज दूरपर्यंत जातो. आणि नेमक्या याच दिवसांत बारावीची परीक्षा असते. इंदापूरच्या रस्त्याला लागलं की एसटीच्या थांब्यावर मुली उभ्या दिसतात. हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन पेनं आणि हॉलतिकीट. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. त्यांना बघून मला आजही माझी बारावी आठवते. नापास होण्याची भीती मला नव्हती. मी पास होणार हे ठरलेलंच होतं. दुखणं तेच होतं.

आमचं घर इंदापूर आणि बारामतीच्या मधे, कालव्याच्या कडेला. आमच्याबद्दल लोक गमतीनं म्हणतात, इंदापूरहून बारामतीला जाताना डाव्या हाताला यांचं काही दिसलं नाही तर समजावं, उजव्या हाताला आहे. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला आणि जमिनीला जमीन जोडत गेले. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, द्राक्षं आणली, मग कोल्ड स्टोरेज, मग मालाचे ट्रक, मग पेट्रोल पंप, मग बारामतीतले गाळे. आबांना फक्त सही येत होती. दादा दहावीला दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. आई सातवीपर्यंत शिकलेली. मी एकुलती एक. हे सगळं उद्या माझं होणार, हे मला कळायच्या कितीतरी आधी गावाला कळलं होतं.

म्हणून मी पाच वर्षांची असल्यापासून ताईसाहेब होते. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, ‘ताईसाहेब, डबा संपवा.’ घरात आई आणि दादा सोडले तर मला कुणी ‘अगं’ म्हटल्याचं आठवत नाही. संध्याकाळी कामगारांच्या खोल्यांपुढं मुलं खेळायची. त्यांचा गलका गच्चीवर ऐकू आला की मी खाली जायची. मी पोचले की खेळ थांबायचा. कुणाची तरी आई पदरानं हात पुसत बाहेर यायची आणि घरातली एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून अंगणात ठेवायची. मी खुर्चीत बसायची. मुलं उभी राहायची. थोड्या वेळानं मी परत गच्चीवर जायची आणि खाली पुन्हा गलका सुरू व्हायचा.

शाळेत खो-खो खेळताना मला कुणी बाद करत नसे. पाठलाग करणारी मुलगी माझ्याजवळ आली की तिचा वेग आपोआप कमी व्हायचा. सुरुवातीला मला वाटायचं, मी फार चपळ आहे. एकदा मी मुद्दाम खांबाजवळ थांबून राहिले. ती मुलगीही थांबली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो, आणि शिट्टी वाजली. स्नेहसंमेलनात जिजाऊंची भूमिका दर वर्षी माझ्याकडं असायची. त्यासाठी निवड व्हायची, चार मुली संवाद म्हणून दाखवायच्या. पण माझ्या मापाचं नऊवारी आदल्या आठवड्यातच शिवून आलेलं असायचं.

हे सगळं बघणारे गृहस्थ म्हणजे नाना. दादांचे सगळे व्यवहार त्यांच्या हातात. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, पायात कायम धुळीनं भरलेली चप्पल. माणूस वाईट नव्हता, उलट आमच्या घरावर जीव टाकणारा होता. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘व्यवस्था झाली हाय.’ लग्नात पाचशे पानं वाढायची असोत, पंचायतीत ठराव करून घ्यायचा असो की बंदरात अडकलेला कंटेनर सोडवायचा असो, नाना दारात चप्पल काढता काढता एवढंच म्हणत. दादा मान हलवत. पुढं काय आणि कसं, हे कुणी विचारत नसे. माझ्या लहानपणी मला वाटायचं, व्यवस्था ही कुठली तरी बाई असावी. आपल्या आधी सगळीकडं जाऊन, झाडलोट करून, निघून जाणारी.

अकरावीला मी इंदापुरातल्या कॉलेजात शास्त्र शाखेला गेले. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी माझ्या बाकापाशी येऊन म्हणाली, ‘ए, इथं कुणी बसतं का?’ मी नाही म्हणाले. ती दप्तर आपटून बसली आणि बाटलीतलं पाणी पिऊन बाटली माझ्यापुढं धरली. ती शुभांगी. लोणी भापकरची. इंदापूरजवळ तिच्या मामाची भाजीची शेती होती, तिथं ती शिकायला राहिली होती. दुपारी कुणीतरी तिला बाजूला घेऊन मी कोण ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारचा बाक रिकामा असणार, असं मी धरून चालले होते. ती आली, बसली आणि म्हणाली, माझ्या मामाचे टोमॅटो तुमच्याच गाडीनं मार्केटला जातात म्हणे, भाडं फार घेता. मग वही उघडता उघडता म्हणाली, ‘काल तुला “ए” म्हणाले. आता बदलायचा कंटाळा येतो.’

ती दोन वर्षं माझ्या आयुष्यात वेगळी काढून ठेवावीत अशी आहेत. शुभांगी मला चिडवायची, माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे म्हणायची, डब्यातली न आवडणारी भेंडी मला खायला लावायची. तिचं गणित फार चांगलं होतं. माझं कच्चं होतं. किती कच्चं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं, कारण तोवर मला मिळालेला कुठलाही गुण माझा आहे की दादांचा, हे ओळखायचं साधनच माझ्याकडं नव्हतं.

ते साधन मला घाडगे बाईंनी दिलं. त्या आम्हाला गणित शिकवायच्या. ठेंगण्या, कपाळावर आठी, खडूनं पांढरी झालेली बोटं. अकरावीच्या सहामाहीत त्यांनी मला शंभरात एकोणतीस दिले. उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा आधी भीती वाटली आणि लगेच एक विचित्र आनंद झाला. दोन दिवसांनी नाना कॉलेजात जाऊन आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी घाडगे बाई आमच्या बंगल्यावर आल्या. संगमरवरी पायऱ्यांवर चप्पल कुठं काढावी हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ती हातात धरली. दादांपुढं बसून त्यांनी सांगितलं की पेपर पुन्हा तपासला, बेरीज चुकली होती, एकोणचाळीस आहेत. आईनं त्यांना चहा दिला, ओटी भरली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी आल्यावर त्यांनी चप्पल खाली टाकली, पायात घातली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘ताईसाहेब, तुम्हाला एकोणतीसच आहेत. वरचे दहा माझ्या नोकरीचे.’

मला आजवर बऱ्याच जणांनी बरंच काही दिलं. त्या एका खऱ्या आकड्याइतकं मोलाचं फार थोडं होतं. मी दुसऱ्या दिवशी तासानंतर बाईंपाशी गेले आणि म्हणाले, मला पहिल्यापासून शिकवा. त्यांनी आठवीचं पुस्तक काढलं. वर्षभर त्यांनी मला रोज अर्धा तास दिला आणि एकदाही शाबास म्हटलं नाही.

बारावीच्या वर्षी मला बोर्डाच्या परीक्षेचं वेड लागलं. इतर मुली तिला घाबरायच्या, मी तिची वाट बघायची. कारण घाडगे बाईंनी सांगितलं होतं की बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. फक्त बैठक क्रमांक, तोही तपासणाऱ्याला दिसत नाही. पेपर गठ्ठ्यात बांधून दुसऱ्या गावी जातात. तिथं कुणी तरी अनोळखी मास्तर, ज्यानं दादांचं नाव ऐकलेलं नाही, ज्याच्या मेव्हण्याला आमच्या पंपावर नोकरी नाही, असा माणूस माझं गणित तपासेल आणि जे आहे ते लिहील. अठरा वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी नुसतं तपासणार होतं. शुभांगीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुझं दुखणं पण श्रीमंताचंच हाय बाई.

आम्ही अभ्यासाला तिच्या मामाच्या घरी बसायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत ढोबळी मिरचीच्या गोण्या. फरशीवर पोतं अंथरून आम्ही समोरासमोर गणितं सोडवायचो. आठवडाभर ते सुख टिकलं. मग एका दुपारी टेम्पो आला. त्यातून एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि एक इन्व्हर्टर उतरला. मागून नाना. मामींनी पडवी धुऊन काढली. त्या दिवसापासून मी आले की मामी टेबलाशी खुर्ची पुसून ठेवायच्या आणि म्हणायच्या, बसा ताईसाहेब, चहा टाकते. शुभांगीनं खुर्चीला हात लावला नाही. ती पोत्यावरच बसायची. चार-आठ दिवसांत तिनं टेबलावर कांदे पसरून ठेवले आणि मला म्हणाली, तुझं टेबल कांद्याला बरं हाय, खालून वारं लागतं. मीही पोत्यावर उतरले. मामी दिसल्या की आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो, चोर पकडल्यासारख्या.

दादांचं काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. त्यांचा हेतू वाईट कधीच नव्हता. परीक्षेच्या महिन्यात माझ्या खिडकीजवळच्या विहिरीची मोटर बंद ठेवायला त्यांनी सांगितलं, आवाजानं माझं लक्ष जाऊ नये म्हणून. त्या अंगाचा मका वाळून गेला, पण मोटर सुरू झाली नाही. ते स्वतः दहावीला वाचायला बसले की आजूबाजूला गुरांचा, गड्यांचा कसा गलका चालायचा, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा भावकीतल्या कुणीतरी चावडीवर सगळ्यांसमोर त्यांना विचारलं होतं की अंगठा उठवायला तरी येतो ना. मला पुस्तक घेऊन बसलेली बघितली की ते दबक्या पावलांनी जायचे. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या घरात, चोरासारखा.

गणिताचा पेपर होळीच्या दोन दिवस आधी होता. आईनं हातावर दही-साखर दिली. वर्गात माझा बाक खिडकीपाशी होता, शुभांगीचा माझ्या एक ओळ मागं, तिरका. बाहेर लिंबाची पानगळ चालू होती आणि वारा आला की पानं वर्गात यायची. प्रश्नपत्रिका वाचली. पहिला प्रश्न येत होता. दुसराही. मला येतंय, या शोधानं मी प्रश्नपत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचली.

अर्धा तास झाला असेल. पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतून आलेले होते, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते चालत माझ्यापाशी आले, खिडकी लावल्यासारखं केलं आणि माझ्या उत्तरपत्रिकेखाली एक घडी घातलेला कागद सरकवला. वाकून हलक्या आवाजात म्हणाले, व्यवस्था हाय.

मी तो कागद उघडला नाही. हे मी इथं लिहिते आहे खरं, पण हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि इतकं व्यर्थ सांगितलं आहे की आता ते लिहितानाही मला स्वतःचाच आवाज खोटा वाटतो. मी उठले, कागद पर्यवेक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, वर डस्टर ठेवलं आणि परत येऊन बसले. ते पांढरेफटक पडले. त्यांनी कागद खिशात घातला आणि उरलेला वेळ ते माझ्या बाजूला फिरकले नाहीत. मी सगळा पेपर सोडवला. एक चार गुणांचं गणित अर्धवट राहिलं. ते का राहिलं हे मला अजून सांगता येईल.

फाटकाबाहेर नाना शहाळं घेऊन उभे होते. झालं ना सगळं बरोबर, त्यांनी विचारलं. गाडीत बसल्यावर मी त्यांना सांगितलं, नाना, मी तो कागद उघडला नाही. परत दिला. नानांनी मागं वळून बघितलं, कौतुकानं हसले आणि म्हणाले, ‘अगदी बरोबर. कुणी इचारलं तर असंच सांगायचं.’

निकालात मला गणितात चौऱ्याऐंशी पडले. शुभांगीला एकोणऐंशी.

इंदापूरच्या स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला. त्यावर मी, दादा, आबांचा जुना फोटो आणि खाली चाळीस शुभेच्छुकांची तोंडं. पेढे गावभर गेले. दादांनी नानांच्या बोटात सोन्याची अंगठी घातली आणि सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. मी त्या रात्री जेवताना दादांना सांगितलं. नीट, सगळं, पहिल्यापासून. घाडगे बाई, आठवीचं पुस्तक, तो कागद, डस्टर. आई ताटात भाकरी वाढता वाढता थांबली होती. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘पोरी, मला त्यातलं काय कळतंय. तू पास झाली, माझं भागलं.’ ते इतक्या समाधानानं म्हणाले की मी पुढं जेवायला लागले. त्यांना माझं खरं वाटलं नाही, असंही नव्हतं. खरं आणि व्यवस्था यांत त्यांच्या लेखी काही फरकच नव्हता. दोन्हींतून पोरगी पास होत होती.

कॉलेजात कुणी तोंडावर काही बोललं नाही. आम्हाला तोंडावर कुणी बोलत नाही. पण मी दाखला आणायला गेले तेव्हा व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, गणिताचा सर कुठला रे, व्यवस्था सर का, आणि सगळे हसले. मी तशीच शुभांगीच्या मामाच्या घरी गेले. शुभांगी पडवीत मिरच्या निवडत होती. मामींनी खुर्ची आणली. मी बसले नाही. मी म्हणाले, तुला तरी खरं वाटतं ना? तिनं मिरच्यांतून मान वर केली नाही. हातातली मिरची डाव्या ढिगात टाकावी की उजव्या, याचा विचार करत असल्यासारखी ती जरा थांबली, आणि म्हणाली, ‘अभिनंदन, ताईसाहेब.’

मी खुर्चीवर बसले. मामींनी चहा आणला, तो प्यायले आणि घरी आले.

पुढचं शिक्षण मी मुद्दाम लांब घेतलं, कोकणातल्या शेतकी कॉलेजात. दादांना पटलं नव्हतं, पण त्यांनी अडवलं नाही. नाना फ्लॅट बघायला निघाले होते, मी हॉस्टेल मागितलं. तिथं आमचं आडनाव म्हणजे हजेरीतलं एक आडनाव होतं. पहिल्या सत्रात मी संख्याशास्त्रात नापास झाले. फलकावर यादी लागली होती, तिच्यात माझं नाव होतं, आणि मी तिथं उभी राहून हसत होते. शेजारी एक मुलगी रडत होती. तिनं मला जवळ घेतलं, तिला वाटलं मला धक्का बसला. दादांना फोन केला.  मग हळूच म्हणाले, नानाला पाठवू का? मी नको म्हणाले. मग काय करणार, त्यांनी विचारलं. परत बसते, मी म्हणाले. फोनवर मागं बागेतल्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग दादा म्हणाले, बरं, बस.

आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझा. दादांनी तो दोन्ही हातांनी धरला, माझं नाव कुठं आहे ते विचारलं, आणि मग उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. घाडगे बाई तोवर निवृत्त होऊन वालचंदनगरला मुलाकडं, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्या होत्या. मी पेढे घेऊन गेले. त्यांनी किती टक्के ते विचारलं. मी सांगितलं. ‘खरे?’ बाईंनी विचारलं. खरेच, मी म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी पेढा तोंडात टाकला. बारावीच्या चौऱ्याऐंशीचं विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी कृतज्ञ नाही असं कुणी समजू नये. फी, हॉस्टेल, पुस्तकं, शिकायला मिळालेली फुरसत, यांतलं काही मला मागावं लागलं नाही. माझ्या वयाच्या किती मुली त्या वर्षी उसाच्या सरीत उतरल्या, कितींची लग्नं उरकली, हे मी बघितलं आहे. पण हे सगळं मिळत असताना माझ्याभोवती एक मोकळं रिंगण राहिलं, आणि त्या रिंगणात पाऊल टाकायचं कुणी धाडस केलं तर त्याला खुर्ची देऊन बसवलं गेलं. आता नाना नाहीत. दादांचे गुडघे गेले, ते व्हरांड्यात बसून येणारे-जाणारे ट्रक बघतात. कारभार माझ्याकडं आहे. लोक आता मला मॅडम म्हणतात. द्राक्षं निवडून भरायच्या पॅकहाऊसमध्ये मी शिरले की बायकांच्या गप्पा बंद होतात आणि नुसत्या कात्र्यांचा आवाज उरतो.

गेल्या आठवड्यात त्याच कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. परीक्षा केंद्रावर प्यायच्या पाण्याची टाकी फुटली होती. मी नवीन टाकी पाठवली आणि बसली की नाही ते बघायला सकाळी स्वतः गेले. गणिताचाच पेपर होता. प्राचार्य लगबगीनं पुढं आले, त्यांच्या मागं शिक्षक, आणि त्यांत एक चष्मा लावलेली, केसांत थोडी पांढरी बट असलेली बाई, हातात कोऱ्या उत्तरपत्रिकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा धरून उभी होती. मी ओळखलं, शुभांगी. तिनं तर आधीच ओळखलं होतं. या वर्षीच बदली होऊन आली, गणित शिकवते, प्राचार्यांनी सांगितलं. मी त्यांना टाकीकडं पाठवलं आणि आम्ही दोघी लिंबाखाली उभ्या राहिलो.

मी आधी तिच्या मामीचं विचारलं. मामी गेल्या. दादांचं तिनं विचारलं. आणि मग, इतक्या वर्षांनी, चाळिशीकडं झुकलेली, चारशे माणसांना काम देणारी बाई मी, मुलीसारखी बोलून गेले की शुभांगी, मी त्या दिवशी तो कागद उघडला नव्हता.

‘मला माहीत हाय,’ ती म्हणाली.

तुला कसं, मी विचारलं.

‘मी मागंच होते ना. तू उठलीस, त्याच्या टेबलावर ठेवलास, वर डस्टर ठेवलंस. सगळं बघितलं मी.’

मग तू कधी बोलली का नाहीस, मी विचारलं. तुझ्या एका शब्दाची मी किती वाट बघितली. ती गठ्ठ्याची सुतळी बोटानं चाचपत राहिली.

‘अर्धा तास नुसती बसून होते मी तिथं,’ ती म्हणाली. ‘पेन चालेना. एकच यायचं मनात. तो कागद माझ्याकडं आला असता तर मी उघडला असता. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं, मामानं एकच वर्ष दिलं होतं. मी उघडलाच असता. आणि तू खुशाल परत देऊन आलीस. तुला काय, नापास झालीस तरी बाग तुझीच. सगळं तुझ्याकडं होतं, आन् वर खरेपणा पण तूच घेऊन गेलीस. आमच्यासाठी काय ठेवलंस गं?’

ती हे रागानं म्हणाली नाही. वर्गात एखाद्या मुलाला त्याची चूक दाखवावी, तितक्याच शांतपणे म्हणाली.  इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही म्हणून मी एकटी राहिले. आणि जिचा बसला होता, ती त्यामुळंच लांब गेली होती. तिचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. माझं चुकलं, असंही म्हणता येईना.

पहिली घंटा झाली. फाटकाबाहेर मुलांची गर्दी दाटली होती. शुभांगीनं गठ्ठा छातीशी धरला, चष्मा वर सरकवला आणि तिकडं बघून कपाळाला आठी घातली.

‘तुझी गाडी दारातच लावलीय बघ. पोरांना आत यायला जागा न्हाय. काढ ती आधी.’

ड्रायव्हर टाकी उतरवणाऱ्या माणसांत मागं कुठं तरी होता. मी त्याला हाक मारली नाही. फाटकातून बाहेर गेले, पोरांना बाजूला व्हायला सांगत गाडीत बसले आणि आरशात बघत बघत ती मागं घेतली, पार रस्त्याच्या पलीकडं, रसवंतीपर्यंत. मुलं आत शिरू लागली. शुभांगी दारात उभी राहून एकेकाचं हॉलतिकीट तपासत होती.